धारेवरची साखळी

"आता बोलू नका, फक्त बघा," शाल्मली म्हणाली आणि तिनं फावड्याच्या पात्यावर हात आपटला.

बर्फात तिनं छातीएवढा खड्डा खणला होता. खड्ड्याच्या भिंतीतून एक चौकोनी खांब करवतीनं सुटा कापला होता आणि त्याच्या डोक्यावर फावडं उपडं ठेवलं होतं. आधी नुसत्या बोटांच्या टिचक्या, मग कोपरापासून हात, मग खांद्यापासून, अशी ती परीक्षा. खांद्यापर्यंत वेळच आली नाही. कोपरापासून दोन-तीन फटके बसले आणि खांबाचा वरचा हातभर तुकडा सुरीनं कापलेल्या वडीसारखा सरकून तिच्या मांडीवर आला.

"सरकला की वो," धैर्या म्हणाला.

"सरकला नाही, उडाला." तिनं खांबाच्या खालच्या भागातली मूठभर चूर उचलून आमच्यासमोर धरली. सुटे, जाडसर दाणे होते. बोटांतून गळत होते. "वरची वडी घट्ट, आणि तिच्याखाली हा रवा. सगळा उतार या रव्यावर बसलाय. आपल्यातला एक जण चुकीच्या जागी उभा राहिला तरी पुरे. मी उतारावरून कुणालाही नेणार नाही. आपण धारेनं जायचं."

सर्जेरावनं उरलेल्या खांबाला लाथ घातली.

"वडी आन् रवा! आम्ही हितं काय फराळाला आलोय?"

आता ही माणसं कोण ते सांगतो. सर्जेराव आणि धैर्यशील शेवाळे हे सख्खे भाऊ, आणि मी जालिंदर काटकर. तिघं एका गावचे, एका कबड्डी संघातले. सर्जेराव उजवा कोपरा, मी डावा कोपरा, आणि धैर्या आमचा चढाईचा गडी. धाकटा असला तरी पंचविशी ओलांडलेला, अंगानं वेताच्या छडीसारखा. कुणाच्या पकडीत सापडला तरी निसटून मध्यरेषेला हात लावायचाच. मी शाळेत पी.टी.चा मास्तर. माझ्या हातचा मार खाल्लेली पोरं आज फौजदार झालीत, म्हणजे माझ्या स्वभावाची कल्पना येईल. खेळाची उमेद ओसरल्यावर आम्हाला डोंगराचं वेड लागलं आणि त्यातून दोन हिवाळे मनालीला जाऊन स्की शिकलो. शिकवणारी शाल्मली देवधर. मूळची नाशिकची, पण तिकडं राहून बर्फाची झालेली. त्या वर्षी तिच्यासोबत निघालो ते थेट मागच्या डोंगरात. तिथं ना वर नेणारे पाळणे, ना माणसं. मागं घसरू नये म्हणून स्कीखाली केसाळ कातडी चिकटवायची, पायांनी चढायचं, माथ्यावर कातडी सोलायची आणि घसरत उतरायचं. सुख म्हणजे काय ते मला तिथं कळलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण वर गेलो आणि वाऱ्यानं गाठलं. दोन दिवस मेंढपाळांच्या दगडी खोपटात कोंडून पडलो. तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन. परतीच्या वाटा दोनच. एक समोरचा उतार, मऊ, पांढरा, बिनडागाचा. तासाभरात खालच्या जंगलात. दुसरी त्याच्या कडेनं गेलेली खडकाळ धार, स्की पाठीवर बांधून दिवसभर तंगडतोड. आणि संध्याकाळी हवा पुन्हा फिरणार होती.

"मॅडम," सर्जेराव म्हणाला, "रात्री त्या धारेवर वाऱ्यात सापडलो तर गोठून मरू. त्याचं काय?"

"चाललो तर नाही मरणार. उतारावर गेलो तर चालायलाच उरणार नाही."

"तुमची ती टिचकी एका जागची. आख्खा उतार कुठं तपासला तुम्ही?"

"नाही तपासला. म्हणूनच जायचं नाही."

सर्जेरावच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं स्की पायात अडकवायला घेतली. मी त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा दिला, माझी टोपी उडाली, मी त्याच्या जाकिटाची गळपट्टी धरली. म्हणजे सकाळच्या चहाआधीच आम्ही हातघाईवर आलो होतो. शाल्मली मध्ये येऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याला लागेल एवढी ती बाई.

"माझ्या अंगावरून जा," ती म्हणाली.

"आबा, ऱ्हाऊ दे की," धैर्या मागून भावाला म्हणाला. "बाईमाणसाच्या अंगावरनं जाशील व्हय? आईला कळलं तर घरात घ्यायची न्हाय."

सर्जेराव हसला, आणि भांडण मोडलं. धैर्याची हीच तऱ्हा होती. पेटलेलं तो चेष्टेवारी विझवायचा.

निघताना शाल्मलीनं तिघांना पुढ्यात उभं केलं. प्रत्येकाच्या छातीवरचं बीकन चालू आहे का ते पाहिलं. पुरलेला माणूस शोधायचं ते यंत्र. "धारेच्या कडेला बर्फाची झालर आहे, खालून पोकळ, तिच्यावर पाय द्यायचा नाही. काही पडलं तर पडू द्या. आणि समजा, कधी उतारावर पाय टाकायचीच वेळ आली, तर एकेकानं. आधी सगळे पट्टे सोडायचे. काठ्यांचे, पाठपिशवीचे, सगळे. जे बांधलेलं असतं ते आपल्याला खाली ओढतं."

"समदं पट्टं सोडा," धैर्यानं शाळेतल्या पोरासारखं घोकलं आणि पँटच्या पट्ट्याला हात घातला. शाल्मलीनं त्याच्या टाळक्यात हातमोजा हाणला.

सर्जेराव मात्र रोजच्यासारखा वाकून भावाच्या हातमोज्याचे पट्टे बक्कल लावून आवळत होता. एवढा घोडा झाला तरी याला हातमोजे घालून द्यायचे. आई गेल्यावर... नाही, चुकलो, आई तेव्हा होती. बाप लहानपणी गेलेला, म्हणून सर्जेराव हाच बाप.

*

दुपार कलली तेव्हा अर्धी धार झाली होती. शाल्मली पुढची वाट शोधायला एका सुळक्याच्या वळणाआड गेली होती. आम्ही तिघं मागे. धैर्या एका खडकावरून उडी मारून उतरला आणि त्याच्या पाठीवरची एक स्की पट्ट्यांतून निसटली, झालरीवरून घरंगळली आणि उतारावर तीन-चार माणसांच्या अंतरावर जाऊन टोकानं रुतून उभी राहिली.

तिघांनीही तिच्याकडं पाहिलं. ती हलत नव्हती.

"एका स्कीवर काय लंगडी खेळत जाऊ?" धैर्या म्हणाला. खाली जंगलात कमरेएवढा बर्फ होता. स्कीशिवाय तो पार करायचा म्हणजे रात्र उघड्यावर, हे आम्हा तिघांना कळत होतं. "आणतो. हितं तर हाय."

"मॅडमना हाक मार आधी," मी म्हटलं.

"तिला इचारलं तर ती न्हाईच म्हणणार," सर्जेराव म्हणाला. त्यानं अंतर डोळ्यांनी मापलं आणि त्याचा चेहरा उजळला. तो चेहरा मी मैदानावर शेकडो वेळा पाहिलेला. "जाल्या, साखळी."

साखळी म्हणजे आमच्या संघाचा प्राण. दोन गड्यांनी मनगटात मनगट गुंतवायचं आणि समोरच्याला घेरायचं. सर्जेराव नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. हात सोडला तो गडी नव्हे. दात पडला तरी चालेल, हात सोडायचा नाही. साखळीनं आम्ही सामने मारले होते, सह्याद्रीतले कडे उतरलो होतो. तीन माणसं एकमेकांना धरून आहेत म्हटल्यावर काय होतंय? त्या क्षणी मलाही ते सोळा आणे पटलं. शाल्मलीनं सकाळी सांगितलं ते नेमकं याच्या उलट होतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी खडकाच्या खाचेत दोन्ही पाय रोवले. सर्जेरावचं डावं मनगट धरलं. त्यानं उजव्या हातानं धैर्याचा हातमोजा पुन्हा एकदा आवळला, "ढिला हाय, मोजा निसटंल," म्हणाला, आणि मोज्यावरच घट्ट मूठ आवळली. धैर्या झालर ओलांडून उतरला. एक पाऊल. दुसरं. सर्जेरावही उतारावर उतरला. धैर्यानं मोकळा हात लांबवला. त्याची बोटं स्कीला लागली.

"गावली," तो म्हणाला.

आणि डोंगरानं आवंढा गिळला. खरंच, तसाच आवाज. मोठा नाही, पोटातून आलेला. सर्जेरावच्या पायाजवळून एक रेघ निघाली आणि मांजरपाट फाडावा तशी टरटरत उताराच्या आरपार गेली. रेघेच्या खालचं सगळं हललं.

धैर्याच्या पायाखालची जमीन निघून गेली. बैलगाडीएवढाले तुकडे उभे राहिले, फुटले, त्याच्या छातीवर आदळले. त्याच्या तोंडात बर्फ गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. सर्जेराव पालथा पडून घसटत निघाला आणि माझ्या खांद्यातून कड्कन आवाज आला. मी ओरडत होतो, पण ओरडणं मलाच ऐकू येत नव्हतं. मनगट हातातून सुटताना मी दुसऱ्या हातानं सर्जेरावच्या पाठपिशवीचा पट्टा पकडला. खाचेतला माझा एक पाय उपटला गेला. दुसरा तेवढा राहिला. तो सुटला असता तर तिघंही गेलो असतो.

बर्फाचा लोंढा धैर्याच्या अंगावरून वाहत होता आणि तो भावाच्या हाताला लोंबत होता. मान वर करून त्यानं आधी सर्जेरावकडं पाहिलं. मग माझ्याकडं, माझ्या त्या एका पायाकडं. मग त्यानं तोंड आपल्या मनगटात खुपसलं. मला वाटलं, भीतीनं.

पुढच्या क्षणाला सर्जेराव उलटा माझ्या अंगावर येऊन आदळला. धैर्या तिथं नव्हता.

*

बर्फाचा धुरळा खाली बसला तेव्हा उताराचा उजवा अर्धा भाग निघून गेला होता. खाली घासून काढल्यासारखी काळपट, कडक जमीन. डावा अर्धा मात्र जागच्या जागी लटकत होता. लोंढा खाली एका खडकाला वळसा घालून डावीकडं गेला होता आणि त्या लटकत्या अर्ध्या भागाच्या बरोबर पायथ्याशी त्याचा ढीग झाला होता.

शाल्मली वळणावरून पळत आली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. "बीकन शोधायच्या बटणावर करा. माझ्यामागं, बर्फ निघून गेलेल्या जागेवरूनच उतरा. तिथं पडायला काही उरलं नाही. डाव्या भागावर पाय द्यायचा नाही. तो निघाला तर सरळ धैर्यावर जाईल." ती कडेवरून घसरत खाली गेलीसुद्धा.

आणि सर्जेराव डावीकडं पळाला.

सरळ वाट तीच होती ना. ढीग खाली दिसत होता. मी त्याला दोन ढांगांत गाठला आणि कमरेला मिठी मारली.

"सोड! माझा भाऊ हाय खाली!"

"त्याच्याच डोक्यावर पाडशील, गाढवा!"

त्यानं कोपर मागं हाणलं. माझ्या नाकातून रक्ताचा फवारा उडाला. तो वळला आणि त्यानं उजव्या मुठीनं माझ्या तोंडावर ठोसा घातला. एक, दुसरा, तिसरा. समोरचा दात घशात गेला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्याची मूठ विचित्र लागत होती, जाड, मऊ काहीतरी तिच्यात दाबलेलं. मी हात सोडला नाही. आम्ही दोघं झालरीच्या काठावर लोळत होतो. खाली शाल्मलीचं बीकन टीं टीं करू लागलं होतं आणि ती हाका मारत होती, "जालिंदर! फावडं! लवकर या!"

इथं बसून याला धरून ठेवावं तर धैर्या खाली गुदमरतोय. सोडून जावं तर हा डावीकडून उतरणार आणि दोघांच्याही अंगावर डोंगर घालणार. मी त्याला हात जोडले, खोटं नाही. "आबा, बस खाली. तुझ्या पाया पडतो." त्यानं माझ्या छातीवर लाथ दिली आणि पुन्हा निघाला.

मी झेप घेऊन त्याचा पाय धरला. डाव्या कोपऱ्याची पकड, उभा जन्म तीच केली होती. पण स्कीचा बूट लोखंडासारखा कडक असतो, त्यात घोटा वळत नाही. मग गुडघा वळतो, हे मला माहीत होतं. मैदानावर पोरांचे गुडघे जाताना मी पाहिले होते. बूट काखेत धरला, अंगाचं सगळं वजन टाकलं आणि गर्रकन फिरलो.

ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. सर्जेराव किंचाळला. ती किंचाळी ऐकून खाली शाल्मलीसुद्धा क्षणभर थांबली. मी त्याला खडकापर्यंत ओढत आणला आणि तिथं टाकला. तो मला आईवरून शिव्या देत होता. मी फावडं घेऊन उतरलो.

शाल्मलीची काठी बर्फात खुपसलेली होती. "इथं आहे. खण." आम्ही दोघांनी कुत्र्यांसारखं खणलं. आधी टोपी लागली, मग निळा चेहरा. शाल्मलीनं त्याच्या तोंडातला बर्फ बोटांनी उपसला, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. मी छाती दाबत राहिलो. किती वेळ, ते कशाला सांगू? मान एका बाजूला वळली होती ती तशीच राहिली. त्याच्या एका हातात मोजा नव्हता. तो उघडा हात मी माझ्या काखेत धरला, ऊब यावी म्हणून. शेवटी मीच शाल्मलीला खांद्याला धरून उठवली.

"एक वाक्य ऐकलं असतं तर," ती म्हणाली आणि तिनं फावडं लांब भिरकावलं. मग ती रडली.

वर पोचलो तर सर्जेराव त्याच खडकाला टेकून बसला होता.

"गावला?"

"गावला."

मी काठ्या लावून त्याचा गुडघा बांधला. शाल्मली म्हणाली, याची बोटं बघा, गोठली असतील. मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. आत धैर्याचा हातमोजा होता. मी तो पाहिला, उलटसुलट करून पाहिला, आणि सर्जेरावच्याच जाकिटात घालून चेन ओढली. ऊन उतरायच्या आत डावा अर्धा भाग कुणी हात न लावता खाली आला. धैर्या होता त्या जागेवर परत एवढा ढीग पडला, की त्याला काढायला आमच्या सुटकेला वर आलेल्या माणसांना दोन दिवस लागले.

*

सर्जेराव त्यानंतर कायमचा लंगडा झाला आणि माझा वैरी झाला. गावात, लग्नाकार्यात, पारावर, त्यानं एकच गोष्ट लावून धरली. जाल्यानं मला मागं ओढलं म्हणून माझा हात सुटला, वर माझा पाय मोडला, म्हणून माझा भाऊ गेला. त्याच्या आईनं माझ्या दारात येऊन माती उडवली. माझी बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बोला की." मी म्हटलं, घालू दे शिव्या. शिव्यांनी काय अंगाला भोकं पडत नाहीत.

वर्षं गेली. त्याची आई वारली. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी गावच्या जत्रेत कबड्डीचे सामने होते, मी पंच होतो. मध्यंतरात मैदानाच्या कडेला बसलो होतो तर काठी टेकत सर्जेराव आला आणि शेजारी बसला. आजूबाजूचे लोक हळूच बाजूला सरकले. आता मारामारी होणार असं त्यांना वाटलं असावं.

त्यानं पिशवीतून तो हातमोजा काढून माझ्या मांडीवर टाकला.

"बक्कल बघ."

"बघितलंय."

"कवा?"

"त्याच दिवशी. तुझी मूठ सोडवताना."

बक्कल तुटलं नव्हतं. पट्टा फाटला नव्हता. नीट सोडलेला होता, आणि त्याच्या टोकावर दातांचे वण होते.

सर्जेराव उठून उभा राहिला आणि त्यानं माझ्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की मैदानावरची पोरं थांबून बघायला लागली.

"मग बोलला का न्हाईस, भाड्या? उभ्या गावात तुझी अब्रू काढली मी."

"म्हातारीला काय सांगायचं होतं? तुझ्या पोरानं स्वतः हात सोडवून घेतला म्हणून?"

मी कानशील चोळलं. मग तो खाली टेकला, मोडका पाय लांब करून.

"मला बी तवाच ठावं हुतं, जाल्या," तो म्हणाला. "पट्टा मीच आवळल्याला. माझा आवळल्याला पट्टा आपसूक सुटत न्हाय. पर मग कुणावर वरडू? त्याच्यावर?" त्यानं हातमोजा उचलला आणि बक्कल लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. "मी जल्मभर शिकीवलं, हात सोडू नगंस. मॅडमनी एकदाच सांगितलं, बांधल्यालं असतं ते वढतं. आपुन तिघं हुतो तिथं. त्यानं एकट्यानं तेवढं ऐकलं."

शिट्टी मारायची वेळ झाली होती. पोरं ताटकळली होती. मी उठलो.

"हात दे," सर्जेराव म्हणाला. "गुडघा तूच मोडलायस, आता उठीव."

मी हात दिला. त्यानं मनगटात मनगट गुंतवलं, साखळीत गुंतवतात तसं, आणि उठला. उठल्यावरही त्यानं सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या संघाचा कप्तान "पंच, पंच" म्हणून ओरडत होता. त्याला म्हटलं, थांब जरा.